नाव न घेणाऱ्या बायकांवरचा निबंध

त्र्यंबकराव चौबळ मास्तर वारले तेव्हा ठाण्याच्या शाळेत दुखवट्याची सभा भरली आणि एका वक्त्याने त्यांना भाषापंडित म्हटलं. मी मागच्या बाकावर होतो. उठलो, बाहेर आलो आणि तोंडातलं पान थुंकून टाकलं. पानात काही दोष नव्हता.

मास्तर वाईट माणूस नव्हते, हेच माझं दुखणं आहे. वाईट माणसांची मला शिसारी येत नाही. मी कचेरीत नकलनवीस होतो. वाईट माणसं मला कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत भेटत, आणि त्यांच्या अर्जांच्या सुंदर अक्षरात नकला करून देणं हाच माझा धंदा होता. शिसारी येते ती चांगला माणूस कुणा बड्याच्या शाबासकीसाठी आपल्याच अंगाचे लचके तोडून त्याच्या ताटात वाढायला लागतो तेव्हा. मास्तरांना मी असं करताना पाहिलं आहे. तेही माझ्या डोळ्यांदेखत आणि बरंचसं माझ्या बोरूने.

अठराशे शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मास्तर तेव्हा चाळिशीतले. अंगाने वाळके, डोक्यावर लाल पगडी आणि पोटऱ्यांना वाळलेला चिखल. शाळा सुटली की इतर मास्तर घरी जाऊन लोडाला टेकत. हे खाडीकडे निघत. कोपरीचा कोळीवाडा, पलीकडची मिठागरं, कधी पार कल्याणच्या बंदरापर्यंत. तिथे जाऊन करायचे काय, तर बायकांचं बोलणं ऐकायचे. लोक नाही नाही ते बोलत. मास्तरांना त्याचं काहीच नव्हतं. भांडणं ऐकायचे, अंगाई ऐकायचे, मासळीचा भाव करताना निघणाऱ्या शिव्या ऐकायचे, आणि घरी येऊन ओटीवर बसून लिहून काढायचे. मी शेजारचाच, आणि त्यांच्याच जातीतला. संध्याकाळी चहाला गेलो की मला वाचून दाखवायचे. खरं सांगतो, त्या दिवसांत मला त्या माणसाचा अभिमान वाटे.

असं ऐकता ऐकता त्यांना एक गोष्ट सापडली. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही हे कुणाला माहीत नाही? पण खाडीकाठच्या बायका नुसतं नाव टाळत नव्हत्या, नावासारखा वाजणारा प्रत्येक शब्दही टाळत होत्या. नवरा चांगोजी असेल तर ती बाई जन्मात कशालाच 'चांगलं' म्हणायची नाही, 'बेस' म्हणायची. सासऱ्याचं नाव सोमा, तर सोमवार गेला; त्याचा 'शंकराचा वार' झाला. आणि सगळ्यांत नामी उदाहरण हौसाबाईचं. ही कोपरीची कोळीण आमच्या दोन्ही घरांना मासळी घालायची. तिच्या नवऱ्याचं नाव दर्याजी. म्हणजे जिचं सगळं पोट दर्यावर, तिला दर्या हा शब्दच तोंडातून काढता येत नव्हता. ती 'मोठा पानी' म्हणायची. घरोघरी अशी वेगळी बोली, आणि ती बोली त्या सुनेबरोबर यायची नि तिच्याबरोबर सरणावर जायची. मास्तरांनी ह्यावर मराठीत निबंध लिहिला.

त्या निबंधातला मला सगळ्यांत आवडलेला भाग शेवटचा होता. त्यात मास्तरांनी स्वतःच्या घराविषयी लिहिलं होतं. त्यांचं नाव त्र्यंबक, म्हणून आमच्या रंगूवहिनी त्र्यंबकेश्वराला 'नाशिकच्या पलीकडचं तीर्थ' म्हणत. मास्तरांच्या वडिलांचं नाव विनायक, म्हणून घरातल्या विनायकीची नुसती 'शुद्धातली चौथ' झाली होती. मास्तर ते वाचत असताना माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि वहिनी हसल्या, हे मला स्पष्ट ऐकू आलं. मास्तरही हसले. घरातली बाई आणि दारातली कोळीण एकाच पानावर बसवायला छाती लागते, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

ही छाती मुंबईच्या एका विद्वत्सभेने बघता बघता काढून घेतली.

सभेचं एक इंग्रजी त्रैमासिक होतं. त्यात छापून आलं म्हणजे माणूस विद्वान, नाहीतर ठाण्याचा मास्तर. मास्तरांनी निबंधाचं इंग्रजी करून पाठवलं. उत्तर आलं, त्याबरोबर एक छापील सूचनापत्र. निबंध कसा मांडावा ह्याची त्यात कलमं होती. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, तिसरा हिस्सा समास सोडावा. देशी शब्द सारे रोमन लिपीत, खाली रेघ मारून. ट, ठ, ड, ळ ह्यांच्याखाली टिंब, दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ. प्रत्येक शब्दाची संस्कृतातून व्युत्पत्ती, ती नसेल तर नसल्याची कारणं. टिपा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. आणि शब्द अश्लील असेल तर त्याचा अर्थ लॅटिनमध्ये द्यावा!

आमच्या कोळणीची शिवी लॅटिनमध्ये. मी म्हटलं, "मास्तर, हौसाबाई जे भर बाजारात ओरडते त्याला तुम्ही सोवळं नेसवणार?" मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "श्रीपादराव, शास्त्राला शिस्त लागते." आणि मला स्वच्छ प्रत करायला बसवलं, कारण टिंब देण्याइतकी बारीक टाकाची सवय ठाण्यात माझ्याच हाताला होती.

टिंबांनी माझा जीव घेतला. टिंब जरा मोठं झालं की मास्तरांना ते शाईचा डाग वाटे, लहान झालं की माशीने घाण केल्यासारखं दिसे, आणि सगळा ताव पुन्हा. सभेकडून प्रत परत आली ती टिंबं चुकली म्हणून नव्हे तर समास अपुरा म्हणून. पुन्हा लिहिली. मग टिपांचे आकडे प्रत्येक पानावर नव्याने सुरू करा म्हणून आली. पुन्हा लिहिली. निबंधात काय म्हटलं आहे ह्याविषयी एक अक्षर कुणी लिहीना. घराला चुना लावून लावून आत माणसं राहतात हे विसरावं, तसं चाललं होतं.

शेवटी एकदा मजकुराविषयी लिहून आलं. निबंधाचं शीर्षक 'ठाणे खाडीकाठच्या खालच्या जातींतील स्त्रियांची शब्द टाळण्याची चाल' असं करावं, आणि लेखकाच्या घराविषयीचा भाग काढून टाकावा. सभेच्या वाचकांना त्यात रस नाही.

मला वाटलं, आता मास्तर उसळतील. मास्तरांनी ती पानं काढली, नीट घडी घातली आणि बंब पेटवायच्या कागदांत ठेवून दिली. वर निबंधाच्या चौथ्या कलमात नवीन वाक्य घातलं : नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य घटतं ही समजूत अज्ञानातून आलेली असून शिक्षणाने ती नष्ट होते. मी ते वाक्य टिंबांसकट लिहिलं. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या नाहीत.

एवढ्यानेही सभेचं पोट भरलं नाही. पूर्वी कुणा मास्तराने घरबसल्या शब्द बनवून पाठवले होते म्हणे, म्हणून आता पडताळा हवा. निदान एका बाईचा तरी. बदली शब्द ज्या तोंडून आला, त्याच तोंडून टाळलेला मूळ शब्दही निघालेला सभेच्या माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकला पाहिजे. उच्चार ताडून पाहायचे होते. तसा शेरा निबंधाला जोडलेल्या शब्दांच्या कोष्टकात पडला तर निबंध येत्या अंकात, नाहीतर नाही.

मी ते वाचून ओरडलोच. "अहो, ती तो शब्द बोलत नाही हाच तर तुमचा निबंध! ती बोलत नाही हे सिद्ध करायला तिने बोलायचं? आणि बोलली तर निबंध खोटा नाही का होत?"

"एकदाच तर बोलायचंय," मास्तर म्हणाले. "शास्त्रासाठी." त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते आधीच छापील पान पाहत होते.

आता हौसाबाईची गोष्ट. दर्याजी त्या माघात होडी घेऊन उत्तनच्या बाजूला गेला होता. वारा फिरला, बाकीच्या होड्या परतल्या, त्याची आली नव्हती. हौसाबाई टोपली घेऊन यायची, पण ओरडायची नाही. वहिनींशी मागच्या दारात हलक्या आवाजात बोलायची आणि बोलता बोलता खाडीकडे बघायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, हे तिच्या लेखी सूर्य उगवतो इतकं खरं होतं. नवरा पाण्यात असताना घेतलं तर काय होईल, ह्याचा तिने विचारही केला नसता. मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी तिला निरोप धाडला तो, कल्याणचे मोठे गृहस्थ येणार आहेत, मासळीची नावं विचारतील, असा.

गृहस्थ म्हणजे रावसाहेब खारकर. शाळाखात्यातून निवृत्त झालेले, सभेचे सभासद, आमच्याच जातीचे. सकाळच्या गाडीने आले. वहिनींनी हौसाबाईच्याच टोपलीतल्या पापलेटाचे तुकडे तळले होते. रावसाहेबांनी ते पुन्हा पुन्हा मागून खाल्ले, काटे चोखले, आणि जेवण झाल्यावर हौसाबाई ओटीच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा नाकाला रुमाल लावला. तो रुमाल मी अजून विसरलेलो नाही.

आधी इतर बायकांचे शंकराचा वार, बेस वाचून झाले, मग हौसाबाईच्या तोंडून मोठा पानी झाला. रावसाहेबांनी मान डोलावली. मी कोष्टक मांडून बसलो होतो. मग रावसाहेब म्हणाले, "आता मूळ शब्द. बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

हौसाबाई लाजून हसली. असं कुणी विचारलं की बायका हसतात तशी. पण रावसाहेबांनी पुन्हा विचारलं आणि मास्तर म्हणाले, "सांग, हौसाबाई. एकदा तोंडाने सांग." तेव्हा तिचं हसू गेलं.

"मास्तर, मासल्यांची नावां इचारा, सांगते. जाल्यांची इचारा. ह्या नाय सांगाचा."

"काही होत नाही गं. खुळी समजूत आहे ती."

"होडी पान्यान हाय, मास्तर." तिने दोन्ही हातांनी टोपलीचा काठ धरला होता. "मना ह्या सांगू नका."

रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "नाव नको असेल तर नुसता तो शब्द म्हण. समुद्राला तुम्ही लोक काय म्हणता? द म्हण. पुढे?" लहान मुलाकडून पाढा म्हणवून घ्यावा तसा तो माणूस तिच्या तोंडातून एक एक अक्षर ओढू पाहत होता. आणि मास्तर, जे ह्या बाईच्या घरी बसून तिच्या हातचं पाणी प्यायले होते, ते वाकून म्हणत होते, "म्हण, द. दर्..." हौसाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला इतकी किळस आली की टाक खाली ठेवला. पण उठलो मात्र नाही. उठल्या त्या वहिनी.

परपुरुष ओटीवर असताना आमच्या घरची बाई तेव्हा माजघराचा उंबरा ओलांडत नसे. वहिनी ओलांडून आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "भावजी, टाक घ्या. मूळ शब्द हवाय ना ह्यांना? माझे सासरे विनायक. माझा नवरा त्र्यंबक. त्र्यंबक विनायक चौबळ. झालं ऐकून? लिहा. आणि तिला जाऊ द्या."

रावसाहेबांनी रुमाल खाली घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाईसाहेब, आपण ह्या निबंधाच्या कक्षेत येत नाही. शीर्षक खालच्या जातींविषयी आहे."

अक्षरशः एवढंच त्या विद्वानाला सुचलं!

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, लाज वाटली. छे. ते वहिनींकडे बघत होते आणि हात छातीवर होता. "तू काय केलंस हे?" ते पुटपुटले. "माझं नाव... दिवसाढवळ्या... चौघांत."

"खुळी समजूत आहे ना ती?" वहिनी म्हणाल्या. "इकडूनच लिहिलंय. चौथ्या कलमात. भावजींनी टिंबं देऊन."

उत्तर दिलं ते हौसाबाईने, आपल्या परीने. ती उठली, मास्तरांवरून दोन्ही हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, "देव मास्तरांना शंभर वर्सां देवो. बायचा बोलना देवानी मनान आनू नये." मग टोपली डोक्यावर घेऊन गेली. मघाशी जो माणूस तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठला होता, त्याच्यासाठी ती देवाकडे आयुष्य मागून गेली. त्या ओटीवर त्या दिवशी माझ्या मते दोनच माणसं होती, आणि दोन्ही बायका.

मास्तरांनी त्याच दिवशी अंथरूण धरलं. छातीत जड वाटतंय, म्हणाले. वैद्य आले, त्यांना काही सापडलं नाही. दुसऱ्या सकाळी कौपिनेश्वराच्या देवळात आयुष्यवृद्धीसाठी अभिषेक सुरू झाला. भटजींना पत्रिका दाखवून झाली. शिक्षणाने नष्ट होणारी समजूत शिक्षकाच्याच उरावर बसली होती, आणि वहिनी बिचाऱ्या रोज नैवेद्याचा भात लावत होत्या. मला हसू यायला हवं होतं. आला तो नुसता वीट. अज्ञान लिहायचं हौसाबाईच्या नावावर आणि अभिषेक करायचा स्वतःच्या!

दर्याजी परत आला, हेही सांगून टाकतो. शीड फाटून होडी एका खाजणाच्या चिखलात अडकली होती. त्याला कोपरीच्या धक्क्यावर उतरताना मी पाहिलं. हौसाबाई त्याच्या अंगावर असं काही ओरडत होती की सभेला लॅटिन अपुरं पडलं असतं. मला फार बरं वाटलं.

मास्तर बरे झाले आणि माझ्याकडे आले. बगलेत कोष्टक होतं. हौसाबाईच्या रांगेत शेवटचं घर रिकामं राहिलं होतं. "रावसाहेबांशी बोललो," ते म्हणाले. "त्यांची हरकत नाही. तिथे 'उच्चारला' एवढा शब्द घाला. तुमच्या अक्षरात असला की कोष्टक एकसारखं दिसेल."

"कुणी उच्चारला?"

"श्रीपादराव, आता घोळ नको."

"उच्चारला तो वहिनींनी. त्यांची रांग आखा, लिहितो."

मास्तर खालच्या मानेने म्हणाले, "घरच्या बाईचं नाव छापून आणू?"

मी काही सत्याचा पुतळा नाही. कचेरीत खोट्या कैफियतींच्या नकला मी मान खाली घालून करत आलो आहे. पण तो एक शब्द लिहायला माझा हात धजेना, आणि मी कोष्टक त्यांच्या अंगावर फेकलं. तेव्हापासून आमचा संध्याकाळचा चहा सुटला. प्रत त्यांनी स्वतःच केली असावी.

अंक छापून आला तेव्हा मास्तर शाळेत होते. वहिनींनी मला मागच्या दाराने बोलावलं. मराठी त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं, इंग्रजी मात्र येत नव्हतं. "भावजी, काय छापलंय ते वाचून सांगा," म्हणाल्या. कागद गुळगुळीत, समास ऐसपैस, एक टिंब चुकलं नव्हतं. कोष्टकात मी बोट ठेवलं आणि वाचलं : हौसाबाई, जात कोळी, राहणार कोपरी. नवरा दर्याजी. मूळ शब्द परीक्षकासमोर स्वतःच्या तोंडाने उच्चारला.

"आणि मी?"

"तुम्ही कुठेच नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. स्वतःचं त्यांना काही वाटलं नसावं. त्या कोपरीच्या दिशेला बघत होत्या. ही ओळ कोळीवाड्यात कुणी वाचून दाखवली, तर नवरा पाण्यात असताना नाव घेणारी बाई म्हणून हौसाबाईला तिथे कुणी उभं करणार नाही, हे मला सांगावं लागलं नाही.

आणि नेमकी तेवढ्यात तीच आली. टोपली उतरवून तिने माझ्या हातातल्या अंकाकडे पाहिलं. "मास्तरांचा बुक काय हा? माजा नाव हाय यान?"

"आहे," मी म्हणालो, आणि तिला तिचं नाव दाखवलं. तिने लुगड्याला हात पुसले, पण कागदाला लावले नाहीत. वास लागेल म्हणाली.

"काय लिवलाय?"

मी अंक मिटायला लागलो. वहिनींनी अंक माझ्या हातून घेतला, डोळ्यांसमोर नीट धरला आणि न येणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवत, थांबत थांबत, मोठ्याने वाचलं, "कोपरीची हौसाबाई. हिला मोठमोठ्यांनी परोपरीने विचारलं. हिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही."

"छापला ना तसा?" हौसाबाई म्हणाली. "बरा झाला." आणि ती खाली बसून बोंबलांचा वाटा काढायला लागली.